परवान्यावरचं नाव

दुकान कुणाच्या नावावर करू, हा प्रश्न माझ्या कचेरीत आठवड्यातून चार वेळा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःचं नाव सोडून बाकी सगळ्या घराची नावं घेऊन आलेला असतो. बायकोच्या नावावर केलं तर कर कमी बसेल का? आईच्या नावावर केलं तर उद्या बहिणी वाटा मागतील का? भाऊच भागीदार आहे, मग लिहून कशाला घ्यायचं? तीस वर्षं मी कफ्र शबान गावात वकिली करते. औषधाच्या दुकानावर माझी खोली आहे. या प्रश्नांची उत्तरं मला झोपेतसुद्धा देता येतात. फिक्रियाचं मुखत्यारपत्र मी तसंच झोपेत केलं होतं, असं आता म्हणावं लागतं.

फिक्रियाचा नवरा मितवल्ली फेसीखवाला होता. वसंताच्या सणाला आमच्याकडे घरोघरी फेसीख लागतं: खारवून मुरवलेला बोय मासा, पातीचा कांदा, लिंबू आणि गरम भाकरी. मितवल्लीचं फेसीख घ्यायला लोक तीन-तीन तालुक्यांवरून यायचे. तो मासा स्वतः निवडायचा, कल्ल्यात बोट घालून बघायचा, कल्ल्यांत मीठ स्वतः भरायचा आणि महिनाभर पिंपाला हात लावू द्यायचा नाही. एका सकाळी दुकानाचं दार उघडताना तो उंबऱ्यावरच बसला आणि तसाच गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

चाळीस दिवसांचा दुखवटा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ बयूमी फिक्रियाला घेऊन माझ्याकडे आला. बयूमी सरकारी खात्यात कारकून. हज करून आलेला, हातात सदैव जपमाळ, बोलणं असं की कानात मध ओतल्यासारखं. वकीलबाईला आमच्याकडे उस्ताजा म्हणतात.

"उस्ताजा, वहिनीला कोण आहे आता माझ्याशिवाय? दुकान मी बघतो. पण आम्ही सरकारी माणसं, आम्हाला धंदा करायला कायद्याची बंदी. म्हणून परवाना वहिनींच्याच नावावर राहू दे. मला फक्त मुखत्यारपत्र करून द्या. सगळ्या अधिकारांचं."

ते कुलमुखत्यारपत्र मी केलं. खरेदी करणे, विक्री करणे, सही करणे, सर्व कचेऱ्यांत हजर राहणे. एका दमात वाचून दाखवलं. फिक्रिया काळ्या कपड्यांत समोर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "उस्ताजा, यात मला बाधेल असं काही नाही ना?"

मी म्हणाले, "नेहमीचंच आहे ग."

हे वाक्य मला आजही आठवलं की तोंडात कडू येतं. नेहमीचं होतं, हे खरंच. तोच तर त्यातला घाणेरडेपणा.

तीन वर्षं गेली. बयूमीने वहिनीला घरी बसवलं. "तुम्ही राणीसारख्या राहा, त्या घाणीत कशाला येता," म्हणाला, आणि मागच्या खोलीचं कुलूप बदललं. दर महिन्याला तो पैशाचं पाकीट पाठवायचा. परवान्यावर नाव तिचं, पाटीवर नाव मेलेल्या मितवल्लीचं, आणि किल्ली बयूमीच्या खिशात.

यंदा सणाला नऊ दिवस राहिले असताना फिक्रिया माझ्याकडे जिना चढून आली. हातात नगरपालिकेची नोटीस होती. आजूबाजूच्या सात घरांनी तक्रार केली होती, वासाची. परवाना तिच्या नावावर, म्हणून नोटीस तिच्या घरी.

"उस्ताजा, फेसीखवाल्याच्या गल्लीत वासाची तक्रार?" ती म्हणाली. "त्या गल्लीतली माणसं वीस वर्षं तो वास घेत जेवतायत. सणाच्या आधी तर वास आला नाही तर विचारायला येतात, यंदा काय झालं म्हणून. ही तक्रार वेगळी आहे."

"बयूमीला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, शेजाऱ्यांना हेवा वाटतो."

मी तिला नेहमीसारखंच उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं: नोटिशीला पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, मी लिहून देते. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते तीन वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं.

"परवाना तुझा आहे," मी म्हणाले. "जागा तुझी आहे. चल, बघून येऊ."

मितवल्लीने मागच्या अंगाला एक छोटं दार ठेवलं होतं, मिठाच्या गोण्या उतरवायला. त्याचं कुलूप बदलायचं बयूमीला सुचलं नव्हतं. फिक्रियाच्या कमरेला ती किल्ली होती. दुपारच्या नमाजाची वेळ होती, बयूमी मशिदीत पहिल्या रांगेत असणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

दार उघडलं आणि आधी माश्याच अंगावर आल्या. नंतर वास. चांगल्या फेसीखचा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो तिखट असतो, नाकात चढतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि भूक लावतो. हा वास नाकात चढत नव्हता. तो घशात उतरून तिथे बसत होता, गोडसर, जड, ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून विसरल्यासारखा. मी ओढणीने तोंड झाकलं. फिक्रियाने झाकलं नाही.

खोलीत अकरा निळी प्लॅस्टिकची पिंपं होती. त्यांच्यावर कुठल्यातरी रंगाच्या कारखान्याचं अर्धवट खरवडलेलं लेबल होतं, शेजारी कवटीचं चिन्ह. फिक्रियाने एकाचं झाकण काढलं. वर मिठाचा पातळ थर, तोही ओलसर, पिवळा पडलेला. तिने बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक मासा काढला. पोट टम्म फुगलेलं, डोळे पांढरे होऊन आत गेलेले. तिने कल्ला उचलला. आत मीठ नव्हतंच. कल्ला तपकिरी, चिकट. तिने अंगठा पोटावर ठेवून जरासा दाबला आणि पोट फुटलं. जे बाहेर आलं ते मी सांगत नाही. मी मागच्या दाराने गल्लीत गेले आणि भिंतीला हात टेकून ओकले. डोळे पुसून परत आले तेव्हा फिक्रिया तिसरं पिंप उघडत होती.

"उस्ताजा," ती शांतपणे म्हणाली, "हे मारलेले मासे नाहीत. हे मेलेले आहेत."

मला लगेच समजलं नाही.

"तळ्यातले आहेत. मागच्या आठवड्यात कालव्यापलीकडच्या मत्स्यशेतीत विष भिनलं का काय झालं, सगळे बोय उलटे तरंगत होते. गाडलेत म्हणे सगळे." तिने हातातल्या माशाकडे पाहिलं. "इथे गाडलेत."

आणि मग कोपऱ्यात तिला ते दिसलं. मितवल्लीच्या हातचं जुनं लाकडी पिंप, धुवून स्वच्छ केलेलं, वर पांढरं कापड बांधलेलं. कापडावर दोऱ्याने कागद बांधला होता आणि त्यावर बयूमीच्या वळणदार सरकारी अक्षरात लिहिलं होतं: घरचं. हात लावू नये.

तिने कापड सोडलं. आत जाड खड्याच्या मिठात समुद्राचा बोय रचला होता, थरावर थर, कल्ले मिठाने गच्च भरलेले. त्याचा तो खरा तिखट वास वर आला. फिक्रिया त्या पिंपाशी उकिडवी बसली आणि तेव्हा मात्र तिने तोंडावर हात धरला. अकरा पिंपांनी जे झालं नव्हतं ते या एका पिंपाने झालं.

"म्हणजे त्याला माहिती आहे," ती म्हणाली. "सगळं माहिती आहे."

पुढच्या दाराचं कुलूप वाजलं. बयूमी आत आला, कपाळावर नमाजाआधीच्या वजूचं पाणी, बोटांत जपमाळ. आम्हाला बघून क्षणभर थबकला आणि मग हसला.

"अरे वा! उस्ताजा आमच्या गरिबाघरी! वहिनी, निरोप पाठवायचा होता, मी झाडून घेतलं असतं."

"भावजी, हे काय आहे?" फिक्रियाने फुटका मासा पुढे केला.

"फेसीख आहे वहिनी."

"किती दिवसांचं?"

"सणापर्यंत मुरेल. आता नवीन पद्धत आहे, इतके दिवस कुणी थांबत नाही. मीठ सगळं मारतं बघा. किडा मारतं, जंतू मारतं, अल्लाने मिठात ती बरकतच ठेवलीय."

"आणि ते कोपऱ्यातलं?"

त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते आमच्या हिच्या माहेरच्यांसाठी आहे. त्यांना जुन्या पद्धतीचं लागतं. लोकांची एकेक खोड असते."

फिक्रिया उठली. तिने कोपरापर्यंत भरलेल्या हाताने तो मासा त्याच्या तोंडासमोर धरला. "खा," ती म्हणाली. त्याला तिने आजवर भावजी आणि तुम्हीशिवाय हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "एक घास खा तू. इथे, उस्ताजांच्या समोर. मग मी घरी जाते आणि परत या खोलीत पाय ठेवत नाही."

बयूमी मागे सरकला. जपमाळ भराभर फिरायला लागली. "मला ब्लडप्रेशर आहे वहिनी. डॉक्टरांनी खारट बंद केलंय."

फिक्रियाने मासा खाली घेतला नाही.

मग त्याचा आवाज बदलला. मध निथळून गेला आणि खाली जे होतं ते दिसलं. "हे बघा. बाहेर बोंब मारायची असेल तर मारा. पण तपासणीवाला आला की आधी काय विचारतो, हे उस्ताजांना विचारा. परवाना कुणाच्या नावावर, हे विचारतो. बयूमीच्या नाही. बयूमी सरकारी माणूस आहे, त्याचा धंद्याशी संबंध काय? विधवा भावजयीला धर्म म्हणून मदत करतो. पोलीस गाडीत कोण बसेल, वहिनी? तुम्ही की मी?" आणि माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "चुकलो असेन तर सांगा, उस्ताजा. कागद तुमच्याच हातचा आहे."

तो चुकला नव्हता. 

कचेरीत परत आल्यावर फिक्रियाने तीनदा साबणाने हात धुतले. मी टेबलामागे बसले आणि माझ्या तोंडातून सल्ला आपोआप बाहेर पडायला लागला. चांगला, बिनचूक सल्ला. उद्या नोंदणी कचेरीत जाऊन मुखत्यारपत्र रद्द करायचं. मग बेलीफाकडून बयूमीला रद्द केल्याची नोटीस बजवायची. मग परवाना परत करायचा अर्ज. पोच मिळाली की त्या तारखेनंतर जे काही विकलं जाईल ते त्याच्या माथी, तुझ्या नाही.

"किती दिवस लागतात?" तिने विचारलं.

"दोन आठवडे. बेलीफाला सांगून दहा दिवसांत करता येईल."

"सण नऊ दिवसांवर आहे."

"हो, पण पोच..."

"तोपर्यंत ते लोकांच्या ताटात गेलेलं असेल."

"कायद्याने तुझी जबाबदारी उरणार नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. चांगला म्हणून घेतलेला मासा घरी येऊन उलटून पाहावा तशी. मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. अकरा पिंपं लोकांच्या पोटात जातील आणि आपण पोच जपून ठेवायची, हे मी बोलले होते, आणि वर त्याची फी लावणार होते.

"आज तक्रार केली तर?" तिने विचारलं.

"तक्रार करणारी तूच आणि आरोपीही तूच. तुला धरतील. दुकान कायमचं जाईल. शिक्षासुद्धा होऊ शकते."

"आणि मासे?"

"मासे जप्त होतील. नष्ट करतील."

ती खुर्चीतून उठली. "मग लिहा. माझ्या नावाने लिहा. नाव माझंच आहे ना? मग त्या नावाचा एकदा तरी मला उपयोग होऊ दे."

दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरी उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. आधी मुखत्यारपत्र रद्द करून घेतलं, तेवढी अक्कल मी वापरली. नाहीतर बयूमीने तिच्याच नावाने तिची तक्रार मागे घेतली असती, आणि त्याला ते करता आलं असतं. कारकुनाने शिक्का मारताना विचारलं, "घरातलाच माणूस होता ना? मग रद्द कशाला करता बाई, वाईट दिसतं." फिक्रियाने शाईत बोट बुडवलं आणि ठसा दिला.

तिथून अन्न तपासणीच्या कचेरीत. तिथला साहेब डॉक्टर वगीह न्याहारी करत होता. तक्रारअर्जाकडे त्याने पोळीच्या घासावरून नजर टाकली.

"सणानंतर या."

"सणानंतर खाऊन झालेलं असेल, डॉक्टर," मी म्हणाले.

"बाई, आत्ता गाडी नाही. गाडी आहे तर ड्रायव्हर नाही. प्रत्येक गल्लीतून तक्रारी आल्यात, धंद्यातल्या वैराने करतात लोक. आणि हाजी बयूमीला मी ओळखतो. नमाजी माणूस आहे."

"मी दुकानाची मालकीण आहे," फिक्रिया म्हणाली. "मी माझ्यावरच तक्रार करतेय. माझं माझ्याशी काय वैर असणार?"

"मग बंद करा की दुकान. मला कशाला..."

फिक्रियाने पर्स उघडली. आतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात दुसरी पिशवी, त्यात तिसरी. मला तिने सांगितलं नव्हतं. तिने तिसऱ्या पिशवीची गाठ सोडली आणि मासा त्याच्या टेबलावर ठेवला, न्याहारीच्या ताटलीशेजारी, कागदांवर. रात्रभर बांधलेला तो वास एकदम सुटला. शेजारच्या टेबलावरची मुलगी ओढणी तोंडाला लावून पळाली. मागचे दोघं खिडक्या उघडायला धावले. डॉक्टर वगीह खुर्चीसकट मागे सरकला आणि भिंतीला आपटला.

"उचला! उचला ते!"

"पंचनामा करा, मग उचलते," फिक्रिया म्हणाली. "नाहीतर मी इथेच बसते. उकाडा वाढतोय."

पाऊण तासात गाडी सापडली. ड्रायव्हरही सापडला.

पुढे जे झालं ते मी अनेकदा लोकांना सांगितलं आहे, आणि सांगताना दर वेळी माझी माणसांवरची माया थोडी कमी होते. तपासनिसांनी पिंपं रस्त्यावर आणून ठेवली. गल्ली भरली. बयूमी कामावरून धावत आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली.

"लोकहो, बघा! हाडांची काडं करून भावाचा धंदा सांभाळला मी, आणि ही बाई घरच्यांच्या तोंडचा घास काढतेय!"

मला वाटलं होतं, लोक त्याला शिव्या देतील. वासाची तक्रार केलेली सात घरं त्याच गल्लीत होती. पण ज्यांनी सणाचा माल आधी सांगून ठेवला होता तेच जास्त होते, आणि ते फिक्रियावर ओरडत होते. आता आयत्या वेळी आम्ही फेसीख कुठून आणायचं? मुलांना काय सांगायचं? एका म्हातारीने विचारलं, "दोन दिवस आणखी मीठ लावलं असतं तर चाललं नसतं का ग?" आणि पिंपं गाडीत चढवताना एक चांगल्या कपड्यांतला माणूस, मी त्याला ओळखते, शाळेत शिकवतो, गाडीच्या मागून हात घालून मासे पिशवीत भरत होता. शिपायाने हात धरला तेव्हा म्हणाला, "अहो, फुकटच टाकणार ना? आम्ही धुऊन, तळून खाऊ. मरत नाही कुणी."

डॉक्टर वगीहने रुमाल नाकाला बांधून पंचनामा लिहायला घेतला. "तक्रारदाराचं नाव?"

"फिक्रिया."

"आरोपीचं नाव?"

"फिक्रिया."

त्याने वर पाहिलं. "दोन्हीकडे एकच कसं लिहू?"

"परवान्यावर एकच आहे," ती म्हणाली.

मी पंचांना लाकडी पिंप दाखवलं, त्यावरचा कागद दाखवला, आणि तो कागद पिंपासकट मोहोरबंद करायला लावला. बयूमीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. अकरा पिंपं गावाबाहेर नेऊन चुना आणि डिझेल ओतून पुरली. फिक्रियाला पोलीस ठाण्यात नेलं. गाडीत बसताना तिने मागे वळून मितवल्लीच्या पाटीकडे पाहिलं नाही. मला एवढंच म्हणाली, "उस्ताजा, माझ्या हातांचा वास जात नाहीये. ठाण्यात लिंबू मिळेल का?"

तिला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. सण झाला. गावात कुणी आजारी पडलं नाही, आणि त्याचं श्रेय कुणी कुणाला दिलं नाही. न झालेल्या गोष्टीचे आभार कोण मानतो? सासरच्या बायकांनी तिच्याकडे जाणं-येणं तोडलं. नणंदेने जिन्यावरून ओरडून सांगितलं की सरकारी माणसाच्या पोटावर पाय देणाऱ्या बाईच्या हातचं पाणी आम्ही पिणार नाही. कालपरवापर्यंत त्याच बाईच्या नावावरच्या दुकानाचे पैसे त्या घरात वाटले जात होते.

पिंपावरच्या त्या कागदावरून बयूमीलाही आरोपी केलं गेलं. खटला पाच महिने चालला. बयूमीच्या वकिलाने सांगितलं की त्याचे अशील भावजयीला निव्वळ धर्म म्हणून मदत करत होते, माल कुठून येतो याची त्यांना कल्पना नव्हती. मी मुखत्यारपत्र काढून दाखवलं, माझ्याच हातचं, आणि न्यायाधीशांना वाचून दाखवलं: खरेदी करणे, विक्री करणे, सही करणे. या वेळी सावकाश वाचलं. मग तो कागद दाखवला. घरचं, हात लावू नये. हस्ताक्षर तज्ज्ञाने ते बयूमीचं असल्याचं सांगितलं. ज्याला काही कल्पना नव्हती त्याने स्वतःच्या घरापुरतं वेगळं पिंप कसं भरलं, एवढंच मी विचारलं. कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. ते थोडा वेळ बयूमीकडे बघत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शिसारी होती ती मी ओळखली, कारण ती महिनोन्‌महिने मी आरशात बघत होते.

बयूमीला सहा महिन्यांची कैद झाली, प्रत्यक्ष धंदा चालवणारा म्हणून. फिक्रियाला परवानाधारक म्हणून दंड आणि तीन महिन्यांची स्थगित शिक्षा. दुकान बंद, परवाना रद्द. अपिलात बयूमीची कैद उडाली आणि दंडावर आली. त्याच्या खात्याने चौकशी करून पंधरा दिवसांचा पगार कापला आणि समज दिली. तो अजून तिथेच कारकून आहे. शुक्रवारी पहिल्या रांगेत असतो. मला भेटला की छातीवर हात ठेवून सलाम करतो, "उस्ताजा, मनात काही ठेवू नका," म्हणतो, आणि मला रस्त्यात थुंकावंसं वाटतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी फिक्रियाला म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे. मी तेव्हा नीट वाचून दाखवायला हवं होतं."

ती थांबली. मला वाटलं, नाही हो, तुमचा काय दोष, असं काहीतरी म्हणेल. लोक म्हणतात तसं.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

आणि पायऱ्या उतरून गेली.

दोन महिन्यांनी तिने राहती जागा विकली आणि समुद्रकाठच्या गावात बहिणीकडे गेली. तिथे बंदरावर पहाटे बोटी लागतात. ती एका मोठ्या व्यापाऱ्याकडे मासा निवडायच्या कामाला आहे. खराब मासा तिच्या हाताखालून सुटत नाही, म्हणून तो व्यापारी तिला मान देतो आणि बाकीच्या बायका तिच्यावर चिडतात. त्याने तिला विचारलं होतं की नवी शाखा काढतोय, परवाना तुझ्या नावावर करू का, वरचे पैसे देईन. ती त्याला काय म्हणाली ते तिने मला फोनवर सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी आता कुणालाही कुलमुखत्यारपत्र करून देत नाही. कुणी विधवा दिराबरोबर आली, तर दिराला बाहेर बसवते आणि एकेक ओळ तिला वाचून दाखवते, समजलं का ते तिच्याच शब्दांत विचारते. याला तासभर लागतो. बहुतेकांना तेवढा वेळ नसतो. ते खाली उतरतात, औषधाच्या दुकानापलीकडे एक तरुण वकील नवीन बसायला लागला आहे, त्याच्याकडे जातात. तो दहा मिनिटांत करून देतो. खिडकीतून मला त्याच्या दारातली रांग दिसते.